महामारी, बंद सीमा आणि परदेशातील विद्यार्थी

नंदुरबार, प्रतिनिधी :

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले, व्हिसा मिळाला, बँकेने कर्ज मंजूर केले आणि विमानाचे तिकीट निघाले, की गंगेत घोडे न्हाले, अशी आपल्याकडील पालकांची अनेक वर्षे समजूत होती. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या कोरोनाच्या साथीने ती खोटी ठरवली. सीमा बंद झाल्या, वसतिगृहे रिकामी करून घेण्यात आली, वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले. साथ ओसरल्यावरही अनेकांच्या पदव्यांचा प्रश्न सुटला नाही. परदेशात शिकणारा विद्यार्थी एकाच वेळी दोन देशांच्या नियमांखाली असतो. संकट आले की यजमान देश त्याला पाहुणा मानतो आणि मायदेशाचे नियम तो परदेशातच आहे असे गृहीत धरतात. ही गोष्ट या काळात पुरेपूर स्पष्ट झाली.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा विषय दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख ४८ हजार होती. तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, तर साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अशा भागातून परदेशात शिकायला जाणारे थोडेच असतात. परंतु त्यांच्यामागे कुटुंबाची जमीन, कर्ज किंवा सरकारी शिष्यवृत्ती उभी असते. महानगरातील सुस्थितीतील घराला एक वाया गेलेले वर्ष परवडते. शेतीवर चालणाऱ्या घराला ते परवडत नाही.

सीमा बंद झाल्या ते दिवस

भारतातील कोरोनाचा पहिला रुग्ण परदेशात शिकणारा विद्यार्थीच होता. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये, चीनमधील वुहान येथून परतलेल्या वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थिनीला लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर लगेच १ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानमधून ६४७ भारतीयांना दिल्लीत आणले. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. त्यांना मानेसर आणि छावला येथील छावण्यांत विलगीकरणात ठेवण्यात आले.

मार्चच्या मध्यावर चित्र झपाट्याने पालटले. १७ मार्चला भारताने अफगाणिस्तान, फिलिपिन्स आणि मलेशियातून येणाऱ्या प्रवाशांना तत्काळ बंदी घातली. फिलिपिन्समधून घरी निघालेले अनेक वैद्यकीय विद्यार्थी त्यामुळे क्वालालंपूरच्या विमानतळावर वाटेतच अडकले. पुढे विशेष विमानांची सोय झाली. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबली. ही बंदी सुरुवातीला आठवड्याची होती; नियमित सेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले.

अमेरिकेतील विद्यापीठांनी याच सुमारास वसतिगृहे रिकामी करण्यास सांगितले. हार्वर्डने १० मार्चला सूचना काढून १५ मार्चपर्यंत खोल्या सोडण्यास कळवले. स्थानिक विद्यार्थी मोटारीत सामान भरून आईवडिलांकडे गेले. ज्यांचे घर हजारो मैलांवर आणि विमाने बंद, त्यांना विद्यापीठाकडे विनंतीअर्ज करावे लागले किंवा ओळखीपाळखीच्या घरात आसरा शोधावा लागला.

घरापर्यंतची वाट

अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी केंद्र सरकारने ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहीम सुरू केली. तिकीट प्रवाशानेच काढायचे होते. आधी दूतावासात नावनोंदणी करायची आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहायची, अशी पद्धत होती. परतल्यावर सुरुवातीला १४ दिवस संस्थात्मक विलगीकरण होते. २४ मेच्या नव्या नियमांनुसार सात दिवस स्वखर्चाने संस्थेत आणि सात दिवस घरी, असे त्याचे स्वरूप झाले.

नंदुरबारच्या विद्यार्थ्याचा प्रवास मुंबई विमानतळावर संपत नव्हता. जिल्ह्यात विमानतळ नाही. सुरत-भुसावळ या तापी खोऱ्यातील मार्गावरील प्रवासी गाड्या देशातील अन्य गाड्यांप्रमाणेच मार्चपासून बंद होत्या. मुंबईहून सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर परवानगीचा पास काढून खासगी वाहनाने किंवा शासनाने केलेल्या व्यवस्थेतून कापायचे होते. तिकीट, विलगीकरणातील हॉटेल आणि वाहन असा तिहेरी खर्च त्या कुटुंबांवर पडला. त्याची तरतूद कोणत्याही शैक्षणिक कर्जाच्या अंदाजपत्रकात नव्हती.

यजमान देशांचे वेगवेगळे हात

जे परत आले नाहीत त्यांचे हाल देशागणिक वेगळे होते. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० रोजी परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला. ३ एप्रिलला तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी, ज्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नाही अशा तात्पुरत्या व्हिसाधारकांनी मायदेशी परतावे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. नोकऱ्या टिकवण्यासाठीच्या ‘जॉबकीपर’ योजनेतूनही तात्पुरते व्हिसाधारक वगळले गेले. उपाहारगृहे आणि दुकाने बंद पडल्यावर सर्वप्रथम अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी बेकार झाले. त्या देशाने लस घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी दारे उघडली ती १५ डिसेंबर २०२१ रोजी. प्रवेश घेऊनही काहींनी पावणेदोन वर्षे विद्यापीठाचे आवार पाहिले नव्हते.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाची अटच अशी आहे की सरकारी भत्त्यांवर हक्क सांगता येत नाही. भाडे आणि जेवण यांची गाठ घालताना अनेक भारतीय विद्यार्थ्यांना गुरुद्वारे, मंदिरे आणि स्वयंसेवी संस्था यांच्या अन्नवाटपाचा आधार घ्यावा लागला.

याउलट कॅनडाने आदल्या वर्षभरात किमान पाच हजार डॉलर कमावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही आपत्कालीन भत्त्यास पात्र ठरवले. मायदेशातून ऑनलाइन केलेला अभ्यास पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यासाठी धरण्याचीही मुभा दिली. जर्मनीने जून २०२० पासून गरजू विद्यार्थ्यांना दरमहा १०० ते ५०० युरो साहाय्य दिले आणि त्यात परदेशी विद्यार्थ्यांनाही सामावून घेतले.

अमेरिकेत सर्वांत मोठा धक्का ६ जुलै २०२० रोजी बसला. ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही, असा आदेश तेथील स्थलांतर खात्याने काढला. हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांनी ८ जुलैला न्यायालयात धाव घेतली आणि १४ जुलैला सरकारने आदेश मागे घेतला. आठ दिवसांचाच हा खेळ. पण तेवढ्या काळात लाखो विद्यार्थ्यांनी सामान बांधायचे की नाही याचा विचार करीत रात्री काढल्या.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची कोंडी

साथीचा सर्वाधिक दीर्घकाळ चाललेला फटका बसला तो परदेशात एमबीबीएसच्या समकक्ष पदवी घेणाऱ्यांना. देशातील सरकारी महाविद्यालयांत जागा मोजक्या आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेरचे. त्यामुळे चीन, रशिया, युक्रेन, फिलिपिन्स आणि किर्गिझस्तान हे मधल्या उत्पन्नाच्या घरांसाठी पर्याय बनले होते. साथीपूर्वी एकट्या चीनमध्ये सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे होते.

जानेवारी २०२० मध्ये हिवाळी सुटीसाठी घरी आलेल्या या विद्यार्थ्यांची सुटी संपलीच नाही. चीनने २८ मार्च २०२० पासून परदेशी नागरिकांचा प्रवेश स्थगित केला. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो २४ ऑगस्ट २०२२ पासून. मधली जवळपास अडीच वर्षे शरीररचनाशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे विषय घरी बसून ऐकावे लागले. दोन्ही देशांतील थेट विमानसेवाही २०२० पासून बंद होती; ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे व्हिसा मिळाल्यावरही तिसऱ्या देशातून, कित्येक पट दराची तिकिटे काढून जावे लागले.

दुसरा अडसर मायदेशात होता. परदेशातून पदवी घेणाऱ्यांना भारतात व्यवसाय करण्यासाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची परदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा, म्हणजे एफएमजीई, द्यावी लागते. तीत ३०० पैकी १५० गुण आवश्यक असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ८ फेब्रुवारी २०२२ च्या सूचनेत स्पष्ट केले की, केवळ ऑनलाइन पद्धतीने केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य नाही. तत्त्व म्हणून यात चूक काढता येणार नाही. रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही. पण ज्याला रुग्णालयापर्यंत जाऊच दिले गेले नाही, त्याने करायचे काय, याचे उत्तर त्या सूचनेत नव्हते.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २९ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचा आग्रह योग्य ठरवला. मात्र अशा विद्यार्थ्यांना भारतातील महाविद्यालयांत ते प्रशिक्षण घेता यावे यासाठी दोन महिन्यांत एकवेळची योजना आखण्याचे निर्देश आयोगाला दिले. त्यानुसार २८ जुलै २०२२ रोजी परिपत्रक निघाले. साथीमुळे किंवा युक्रेन युद्धामुळे अखेरच्या वर्षात परतलेले आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण झालेले विद्यार्थी एफएमजीई देऊ शकतील. मात्र उत्तीर्ण झाल्यावर एकाऐवजी दोन वर्षांची सक्तीची आंतरवासिता करावी लागेल, असे त्यात म्हटले होते.

हा दिलासा अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांपुरताच होता. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्यांसमोर परत जाणे, दुसऱ्या देशात बदली शोधणे किंवा शिक्षण सोडणे असे तीनच मार्ग उरले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणात आणखी एक वाट निघाली. परतलेल्या शेवटच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांना भारतीय महाविद्यालयात प्रवेश न घेता एमबीबीएसची अंतिम परीक्षा देण्याची एकवेळची संधी देण्यात आली. तीतही पुढे दोन वर्षांची आंतरवासिता होतीच.

या साऱ्यात काळाचा हिशेब मांडण्याजोगा आहे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात पडलेला खंड, परीक्षेची तयारी आणि दोन वर्षांची आंतरवासिता मिळून बारावीनंतर आठ-नऊ वर्षे उलटली, तरी हाती स्वतंत्र व्यवसायाची नोंदणी नाही, अशी स्थिती अनेकांची झाली. नंदुरबारचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय याच साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, शंभर जागांनिशी सुरू झाले. जिल्ह्याला डॉक्टरांची गरज सर्वाधिक भासत असताना, डॉक्टर होऊ घातलेली मुले राज्यभर आपापल्या घरी पडद्यावर शस्त्रक्रिया पाहत बसली होती.

घरात बसून परदेशी वर्ग

चीनची घड्याळे भारतापेक्षा अडीच तास पुढे. तेथील सकाळी आठचा वर्ग येथे पहाटे साडेपाचला सुरू होई. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुपारी दोनचा वर्ग उन्हाळ्यात भारतात रात्री साडेअकराला लागे. घरातले सर्व झोपलेले असताना जागायचे आणि घरातले जागे असताना झोपायचे, असा दिनक्रम महिनोन्महिने चालला.

त्यात तांत्रिक अडचणींची भर पडली. २९ जून २०२० रोजी भारताने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यांत ‘वीचॅट’ होते आणि चिनी विद्यापीठांचे शिक्षक सूचना, टिपणे व हजेरी यांसाठी तेच वापरत. २४ नोव्हेंबरच्या यादीत ‘डिंगटॉक’ आले. त्यावर अनेक विद्यापीठांचे वर्ग भरत असत. देशाच्या सुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयाचा हा अनपेक्षित परिणाम होता. विद्यार्थ्यांना ई-मेल आणि इतर मार्गांनी कसेबसे काम चालवावे लागले.

सातपुड्याच्या कुशीतील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत प्रश्न त्याही आधीचा होता. दऱ्याखोऱ्यांतील अनेक पाड्यांवर भ्रमणध्वनीची रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते. तेथील शाळकरी मुलांचे ऑनलाइन शिक्षण कसे अडखळले हे जिल्ह्याने पाहिले आहे. ज्या ठिकाणी पहिलीचा पाठ पोहोचत नाही तेथे परदेशी विद्यापीठाचे दोन तासांचे सलग व्याख्यान पोहोचणे अशक्यच. म्हणून गाव सोडून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेणे, हाच त्यावर व्यवहार्य उपाय होता.

लस घेतली, पण कोणती?

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट ओसरू लागली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. परदेशी विद्यापीठांना लसीकरणाचे प्रमाणपत्र हवे होते आणि भारतात कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर तेव्हा किमान बारा आठवडे होते. मुंबई महापालिकेने ३१ मे ते २ जून या तीन दिवसांत परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थेट लसीकरण ठेवले. ७ जूनला केंद्राने अशा विद्यार्थ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची सवलत दिली आणि प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक नोंदवण्याची सोय केली.

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची अडचण अधिक बिकट होती. या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर. ग्रामीण भागातील केंद्रावर त्या दिवशी जी लस उपलब्ध असेल ती घ्यायची, अशीच रीत होती. निवड करण्याची मुभा सर्वांना नव्हती. ब्रिटनने तर सप्टेंबरमध्ये कोव्हिशील्ड मान्य केली, पण भारतीय प्रमाणपत्र मान्य व्हायला ११ ऑक्टोबर उजाडले.

प्रवासाचे नियमही सतत बदलत होते. कॅनडाने २२ एप्रिल २०२१ रोजी भारतातून येणारी थेट विमाने थांबवली आणि सप्टेंबरअखेर पुन्हा सुरू केली. तोवर तिसऱ्या देशात उतरून, तेथेच कोरोनाची चाचणी करून पुढे जावे लागे. ब्रिटनने एप्रिलमध्ये भारताला लाल यादीत टाकल्याने जे जाऊ शकत होते, त्यांना सक्तीच्या हॉटेल विलगीकरणासाठी १,७५० पौंड मोजावे लागत. ८ ऑगस्टला भारत त्या यादीतून बाहेर आला.

कर्ज आणि शिष्यवृत्ती

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने लांबवण्याची मुभा दिली. नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. शैक्षणिक कर्जेही तीत होती. हप्ता लांबला तरी व्याज धावतच राहिले. त्यावरील व्याजाचा भार दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी सरकारने पुढे उचलला. परंतु पदवी लांबली की नोकरी लांबते आणि नोकरी लांबली की मूळ व्याज वाढत जाते, या साखळीवर त्यात उपाय नव्हता.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती योजना आहे. दीर्घकाळ तिचा लाभ राज्यभरातून वर्षाला अवघ्या दहा जणांना मिळत असे. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानप्रवास यांचा खर्च तीत मिळतो. नंदुरबार आणि तळोदा येथे या विभागाची एकात्मिक प्रकल्प कार्यालये आहेत. निर्वाह भत्ता परदेशातील वास्तव्यासाठी आणि विमानखर्च एका ये-जा प्रवासासाठी, ही अशा योजनांची मूळ कल्पना. विद्यार्थी अर्धे वर्ष घरून शिकेल किंवा त्याला मध्येच परत यावे लागेल, असे साथीपूर्वी कोणी धरले नव्हते. शिष्यवृत्तीधारकाने करारपत्रात हा मुद्दा आवर्जून पाहावा, असा या काळाचा धडा आहे.

आकडे काय सांगतात?

संसदेत दिलेल्या माहितीनुसार शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या भारतीयांची संख्या २०१९ मध्ये सुमारे ५ लाख ८६ हजार होती. २०२० मध्ये ती २ लाख ६० हजारांवर घसरली, २०२१ मध्ये ४ लाख ४४ हजार झाली आणि २०२२ मध्ये साडेसात लाखांवर पोहोचली. अमेरिकेतील भारतीय विद्यार्थी २०१९-२० मध्ये १ लाख ९३ हजार होते. पुढील वर्षी ते १ लाख ६७ हजारांवर आले आणि २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांवर गेले. साथीने ओढा कमी केला नाही; तो काही काळ अडवून धरला आणि बांध फुटताच लोंढा वाढला.

म्हणूनच आताच्या विद्यार्थ्यांनी मागच्यांचा अनुभव जमेस धरला पाहिजे. चीनमधील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेली माहिती बोलकी आहे. २०१५ ते २०२१ या काळात तेथे शिकलेल्या ४०,४१७ जणांनी एफएमजीई दिली आणि ६,३८७ उत्तीर्ण झाले. म्हणजे सहापैकी एक. साथ नसती तरी हे आकडे होतेच; साथीने त्यांकडे लक्ष वेधले.

जाण्यापूर्वी विचारण्याचे प्रश्न

वैद्यकीय शाखेसाठी १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम लागू आहेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता, इंग्रजी माध्यम आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता, या अटी पूर्ण होतात का, हे लेखी घ्यावे. ‘नीट’ उत्तीर्ण असणे २०१८ पासून सक्तीचे आहे. दलालाचे तोंडी आश्वासन येथे कामाला येत नाही.

इतर शाखांसाठीही काही गोष्टी समान आहेत. वर्ग ऑनलाइन झाल्यास शुल्क कमी होते का, प्रवेश पुढील सत्रात ढकलता येतो का, आरोग्य विम्यात साथरोगाचा समावेश आहे का, व्हिसाच्या अटींत ऑनलाइन शिक्षण बसते का, हे विद्यापीठाला आधीच विचारावे. पोहोचताच भारतीय दूतावासात नाव नोंदवावे. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ आहे. परतीच्या तिकिटाएवढी आणि दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम वेगळी ठेवावी. कर्जाच्या अर्जातच ती धरावी.

साथीच्या काळात ज्यांच्याजवळ अशी शिल्लक होती, ते तगले. ज्यांच्याजवळ नव्हती, त्यांनी वर्षे गमावली. पुढचे संकट साथीचे असेल, युद्धाचे असेल की व्हिसाच्या नव्या नियमाचे, हे आज सांगता येणार नाही. पण सीमा एका रात्रीत बंद होऊ शकते, हे आता धडगावच्या पालकालाही ठाऊक आहे. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी त्याने वरील प्रश्नांची उत्तरे मागितली, तर मागच्या मुलांनी सोसलेले पुढच्यांना सोसावे लागणार नाही.